एका घासात ओळखलेले भजे

दोस्तहो, हिंगोलीच्या स्टँडसमोरच्या भज्याच्या हॉटेलाचं उगंच नाव झालंय, असं मी तुमच्याशी भांडत आलो. तीन गावांत शाखा निघाल्या म्हणून काय झालं? पण आज शब्द मागं घेतो.

शेजारच्या शांतीला, जिच्यापायी माझी झोप उडालीय, आज सेनगावचे पाहुणे बघायला आले. तिचे वडील सकाळीच मला म्हणाले, "कॉलेज सोडून रिकामाच बसलास, हिंगोलीहून भजे घेऊन ये." जीव जळत होता, तरी आणले.

पाहुण्यांपुढं ताट ठेवून तिचे वडील म्हणाले, "आमच्या शांतीनंच केलेत."

मुलाच्या बापानं एकच घास घेतला. "काहून थट्टा करता? हे तर स्टँडसमोरचे!"

मी दारातच उभा. तेवढ्यात शांतीच बोलली, "व्हय, तिथलेच. मला भजे येत न्हाईत."

पाहुणे "कळवतो" म्हणून उठले. म्हणजे नकारच समजा.

गार झालेलं भजंसुद्धा एका घासात ओळखू येत असेल, तर ते नाव बराबर कमावलेलं आहे. त्यावर आता वाद न्हाई.

एवढंच सांगा, मी तिच्या वडलांकडं मागणी घालायला आजच जाऊ, का त्यांचा राग उतरू देऊ? मला तर दम निघत न्हाई.