एका वर्षाच्या खुर्चीसाठी

"आधी शेंगा फोडा. बोलायचं मग बघू."

समोर बसलेल्या बाईच्या पुढ्यात परात सरकवत मावशी एवढंच म्हणायची. परातीत पसाभर भुईमुगाच्या शेंगा. डोळे सुजलेली, पदर तोंडाशी धरलेली ती बाई गोंधळायची. आपण तक्रार द्यायला आलोय की कुणाच्या घरी कामाला, असं तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. पण हाताला सवय असते. एक शेंग फुटायची, दुसरी फुटायची, आणि आठव्या-दहाव्या शेंगेला बाई खाली बघतच बोलायला लागायची. मावशीही खाली बघूनच ऐकायची. रडणाऱ्या माणसाकडे टक लावून बघू नये, हे तिला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

राहुरीतल्या एका संस्थेच्या महिला समुपदेशन केंद्रात मी नोंदी टाईप करायला होते. नवऱ्यानं मारलेल्या, सासरनं हाकललेल्या बायका तिथं यायच्या. मावशी, तिला सगळे मावशीच म्हणायचे, तिथं अठरा वर्षं समुपदेशक होती. शिक्षण दहावी. संस्था नवी होती तेव्हा गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्या होत्या. त्यांच्या शिबिरांत बसून, त्यांच्या मागोमाग पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाऊन ती हे काम शिकली.

एवढ्यावरून तुम्ही तिला मायाळू वगैरे समजाल. ती तशी नव्हती. मावशी डूख धरणारी होती आणि ते लपवायचीही नाही. तिच्या लग्नात गल्लीतल्या एका बाईनं तिच्या काळ्या रंगावरून टोमणा मारला होता. तीस वर्षांनी त्या बाईच्या नातवाच्या बारशाला मावशी आवर्जून गेली, पाळण्यात डोकावली आणि म्हणाली, "सावळा हाय. माज्यावर गेलाय जनू." मग दोन वाट्या घुगऱ्या खाऊन आली.

"मावशी, माफ करून टाकायचं की," मी म्हटलं.

"माफ करायचं काम देवाचं. त्याला पगार न्हाई, मला हाय. माजं काम लिवायचं."

तिचं दुसरं पालुपद हेच. इसरायचं न्हाई, लिवायचं. कुठलीही बाई "तो नेहमी मारतो" म्हणाली की मावशी पेन खाली ठेवायची. "नेहमी म्हनू नको. नेहमीला कोर्टात कोन इचारत न्हाई. वार सांग. कोन घरात हुतं? काय म्हनला? हात कंचा उचलला?" बाई आठवत जायची, मावशी लिहीत जायची, आणि त्या कागदापुढे भलेभले नवरे गप्प झालेले मी पाहिलेत.

मला हे फार आवडायचं. माझे वडील नगरच्या एमआयडीसीत कामगार संघटनेचं काम करायचे. माझं लहानपण पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. अन्याय झाला की छापायचं आणि वाटायचं, एवढंच मला माहीत होतं. लिहून जपून ठेवायचं, हे मावशीनं दाखवलं.

मग सर आले.

सरांचं नगरला समुपदेशनाचं प्रशिक्षण केंद्र होतं. त्यांची गुलाबी पत्रकं एसटी स्टँडवर, झेरॉक्सच्या दुकानात, रसवंतीच्या टेबलावर पडलेली असायची. 'तीन महिन्यांत समुपदेशक व्हा. शनिवार-रविवार वर्ग. शिक्षणाची अट नाही.' खाली कोट घातलेल्या सरांचा फोटो. हे गृहस्थ आमच्या संस्थेचे सल्लागार झाले आणि पहिला सल्ला त्यांनी असा दिला की मावशीनं त्यांची पदविका करावी.

मावशी गेली. तीन महिने दर शनिवारी, रविवारी एसटीनं नगरला. पहिल्याच तासाला सर म्हणाले, "काही शंका?" मावशीनं हात वर केला. "सर, तुमी आजपतोर किती बायांशी बोललाय?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनीही डूख धरला, पण मावशीसारखा उघड नाही.

शेवटी तोंडी परीक्षा होती. एकानं समुपदेशक व्हायचं, एकानं दुःखी माणसाचं सोंग करायचं. मावशीच्या वाट्याला एक निवृत्त मुख्याध्यापक आले. तिनं पिशवीतून शेंगा काढल्या. पाचेक मिनिटांत मुख्याध्यापक सोंग विसरले आणि वारलेल्या मुलाबद्दल खरंच बोलायला लागले. त्यांना थांबवता थांबवता वर्गाची वेळ संपली. सरांनी मावशीला नापास केलं. शेरा होता, 'अशिलाला घरकाम दिले.'

पुढच्या महिन्यात संस्थेचं पत्र आलं. समुपदेशक पदासाठी समाजकार्य किंवा मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आवश्यक आहे, सबब मावशीची नेमणूक मदतनीस म्हणून करण्यात येत आहे. नियम खोटा नव्हता. कित्येक वर्षं फाईलमध्ये होता, कुणी काढला नव्हता. तो आता काढला, कारण सरांची भाची प्रियंका नुकतीच मानसशास्त्रात एमए झाली होती.

प्रियंका वाईट मुलगी नव्हती, हे मला कबूल करावं लागतं. तिला सिद्धांत येत होते. फक्त दुखावलेल्या माणसासमोर ती आयुष्यात एकदाही बसली नव्हती, आणि कुणाच्या हाताखाली बसून शिकायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पहिल्या दिवशी खोली लावून घेतली. मावशीनं खुर्ची अशी ठेवलेली असायची की आलेल्या बाईला दार दिसावं, उठून जाता येतं हे तिला सतत कळावं. प्रियंकानं ती भिंतीकडे वळवली. परात स्वयंपाकघरात गेली.

तिसऱ्या आठवड्यात लता आली. नाव बदललंय. मुळा धरणाच्या बाजूच्या एका गावातली. तिनं प्रियंकाला सांगितलं, गुरुवारी नवरा बाजाराला गेला की मी माहेरी निघून जाणार. प्रियंकानं पुस्तकात वाचलं होतं की दोन्ही बाजू ऐकाव्यात. तिनं लताच्या नवऱ्याला फोन लावला आणि लता घर सोडायचं म्हणतेय, शुक्रवारी दोघांनी मिळून या, म्हणाली. तिच्या मनात चांगलंच होतं.

गुरुवारी नवरा बाजाराला गेला नाही. तो स्टँडवर उभा होता.

लताचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. दवाखान्यात तिनं "पडले" असं सांगितलं. मावशी आणि मी भेटायला गेलो तेव्हा तिची सासू शेजारीच बसलेली. आम्ही निघालो तेव्हा लता एवढंच म्हणाली, "त्या खुर्चीत तुमी असत्या तर."

मावशी दवाखान्याच्या पायरीवर बसली. मला वाटलं रडेल. ती बोटं मोजत होती.

"बारावीचं एक. बीएचं तीन. त्या समाजकार्याचं दोन. सहा झाली. आज एक्कावन हाय मी. सत्तावनाव्या वर्साला परत येते. अठ्ठावनला रिटायर करतेत. एक वर्स बसंन त्या खुर्चीत."

"एका वर्षासाठी सहा वर्षं?"

"एक बास झालं. लताची फाईल उघडायला एक दिस लागतो."

दुसऱ्या दिवशी तिनं मदतनीसपदाचा राजीनामा दिला. घरी ब्लाऊज शिवायला लागली आणि बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसली.

मी माझ्या पद्धतीनं सूड घ्यायचा ठरवला. सरांचं नाव, भाचीचं नाव, लताचं मनगट, सगळं घालून एक पत्रक लिहिलं. मथळा जळजळीत होता. मावशीनं ते शिवणयंत्रावर ठेवून दोनदा वाचलं.

"झ्याक लिवलंस. किती छापनार?"

"हजार."

"लताचं गाव किती घरांचं? हे वाचून तिचा नवरा कुनाला धरंल? सरांना?"

मी ते फाडलं. मला अजून राग आहे, की ती बरोबर होती.

ती सहा वर्षं मी जवळून पाहिली. बारावीला इंग्रजीत पस्तीस. बीए मुक्त विद्यापीठातून, विषय मानसशास्त्र. शिलाई करता करता पाठ करायची. एकदा म्हणाली, "सहानुभूती येगळी आन् समानुभूती येगळी म्हनं. चार मार्काचा फरक हाय." पण दुसऱ्या एका दिवशी तिनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "पोरी, मी आधी लई सल्ला द्यायचे गं. चार-पाच जनींना मी उगाच परत नांदायला धाडलं आसंल. ह्यात लिवलंय, आपलं मत त्यांच्या गळ्यात घालू नये. हे मला कुनी आधी सांगितलं न्हाई." त्या दिवशी तिनं मशीनला हात लावला नाही. नियम खोटा नव्हता, हे मी आधी लिहिलंय. नियम तिला शिकवण्यासाठी काढला असता तर मी हा लेख लिहिलाच नसता. तो तिला हाकलायला काढला होता.

समाजकार्याला नगरच्या कॉलेजात ती रोज जायची. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्य असतं, म्हणजे एखाद्या संस्थेत तिथल्या समुपदेशकाच्या हाताखाली काम करायचं आणि त्याची सही आणायची. कॉलेजनं यादी लावली. मावशीच्या नावापुढे आमचंच केंद्र होतं. सही प्रियंकाची.

पहिल्या दिवशी मावशी आली, विद्यार्थ्यानं बसावं तशी भिंतीलगतच्या स्टुलावर बसली, डायरी पुढे केली. प्रियंकानं डायरी जवळ ओढली.

"मावशी, त्या लताच्या वेळी... मला खरंच कळलं नव्हतं. मी रोज..."

"सही कर," मावशी म्हणाली. "तारीख घाल. वार बी."

एवढंच. माफी मागितली गेली होती आणि ती घेतली गेली नाही. पण महिन्याभरानं मी बघितलं, खुर्ची पुन्हा दाराकडे वळलेली होती, परात परत आली होती, आणि मावशी प्रियंकाला हळू आवाजात सांगत होती, "तिच्या तोंडाकडं नको बघू. शेंगकडं बघ. आन् मधी बोलू नको, मरत न्हाई कोन गप बसल्यानं." उन्हाळ्यात प्रियंकानं पुण्याला नोकरी धरली. राजीनाम्यात तिनं लिहिलं की या जागेला एकच माणूस योग्य आहे, आणि पुढे मावशीचं पूर्ण नाव घातलं.

मुलाखतीला सर होते. त्यांनी कागद उलटसुलट केले. पदवीत खोट सापडेना.

"अनुभव?"

"अठरा वर्सं," मावशी म्हणाली. "आन् तुमचं तीन म्हैनं."

ती सत्तावन्नाव्या वर्षी त्या खुर्चीत बसली, वर्षभर बसली, आणि ठरल्याप्रमाणे निवृत्त झाली. त्यानंतर सहा महिन्यांत हृदयविकारानं गेली. लताच्या अर्जावर राहुरीच्या कोर्टात तारखा चालू आहेत. मावशीचा अहवाल फाईलला आहे. नवऱ्याच्या वकिलानं तिच्या पात्रतेवर बोट ठेवायचा प्रयत्न केला, तेव्हा मागे जोडलेली पदवीची प्रत न्यायाधीशांनी त्याला दाखवली. सर अजून पत्रकं वाटतात. माझ्याकडे त्यांचा एक गठ्ठा आहे, मावशीनं सहा वर्षं स्टँडवरून उचललेला. कशाला जमवते, विचारलं तर म्हणायची, "लागतंय."

कशाला, ते तिच्या कामाच्या पहिल्या सोमवारी कळलं. लता एव्हाना माहेरी येऊन राहिली होती. आदल्या दिवशी मावशी स्वतः तिथं जाऊन निरोप देऊन आली होती: आता खुर्चीत मी हाय. लता आली. सहा वर्षांत केस पांढरे झालेले. मावशीनं टेबलावर सरांचं एक गुलाबी पत्रक अंथरलं, फोटोची बाजू वर, आणि त्याच्या शेजारी परात ठेवली.

लतानं शेंग उचलली. फुटेना. वाकडं जुळलेलं मनगट, अंगठ्यात जोर नाही. तिनं शेंग परत ठेवली आणि म्हणाली, "लई उशीर झाला का, मावशी?"

"मलाबी येळ लागला," मावशी म्हणाली.

तिनं परात आपल्याकडे ओढली. एकेक शेंग फोडून दाणे लताच्या डाव्या तळहातावर ठेवत गेली. टरफलं सरांच्या तोंडावर पडत होती. कोट झाकला गेला, मग हनुवटी, मग चष्मा. मावशी खाली बघत होती. लता खाली बघत होती. मी टाईप करायचं थांबले होते.

"गुरुवार हुता," लता म्हणाली.

मावशीनं हात पदराला पुसले आणि पेन उघडलं.