पान अठराचं यमक

शाळेच्या फाटकासमोर स्टेशनरीचं दुकान आहे. तिथल्या काकूंना कुठलाही इंग्रजी शब्द सांगावा, पेन्सिलींचा गठ्ठा सोडतासोडता त्या त्याला जुळणारे चार शब्द काढून देतात. त्यांची रीत अगदी घरगुती. शब्दाचं डोकं उडवायचं, शेपूट धरायचं, आणि त्या शेपटाला ‘क’पासून एकेक अक्षर लावत जायचं. ‘लाइट’ म्हटलं की उरलं ‘आइट’. मग काइट, टाइट, नाइट, फाइट, बाइट. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत जातो आणि अर्थ लागला की थबकतो. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं त्याचा एवढाच उपयोग झाला, असं त्या स्वतःच हसत सांगायच्या.

उपयोग झाला तो मुख्यतः दादांना. दादा म्हणजे काकूंचे थोरले दीर. लहान मुलांच्या इंग्रजी कवितांची पुस्तकं ते लिहीत आणि आजूबाजूच्या शाळांतून ती लागत. सगळी पोरं त्यांना ‘राइमवाले काका’ म्हणत. पुस्तकाच्या मागच्या बाजूला त्यांचा फोटो असे: हनुवटीखाली मूठ, आणि डोक्यावर दाट काळेभोर केस. ते केस दुकानातून आणलेले आहेत हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. दादांच्या घरी पंखासुद्धा एकवर असे. गच्चीवर चला म्हटलं की दादांचे गुडघे दुखायला लागत.

दुपारी दुकान मिटलं की दादांचा फोन यायचा.

“अगं, स्पूनला दे पाहू.”

“मून, नून, सून, ट्यून.”

“पोरकट आहेत गं सगळे.”

“बलून घ्या मग.”

“हां. हा बरा आहे.” आणि फोन खाली.

पाहुण्यांसमोर दादा सांगत, “ही नुसते शब्द देते. कविता माझी.” काकूंना त्याचं काही वाटत नसे. घरातला मोठा माणूस, जाऊ दे.

काकूंचा जीव गुंतला होता दुसरीकडे. त्यांची नऊ वर्षांची लेक, घरातली ठकी. तिचा डावा पाय जन्मापासून दोन बोटं आखूड. डाव्या बुटाला चांभाराकडून जाड तळ लावून घ्यावा लागे. डॉक्टर म्हणाले होते, “हिचं औषध म्हणजे चालणं. चालली तर पायात जोर राहील, बसली तर पाय वाळेल.” काकूंनी तेव्हापासून तो एकच ध्यास घेतला. घर ते शाळा आधी हात धरून. मग दोन पावलं मागे राहून. मग रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने, आपण भाजी बघतोय असं दाखवत. शेवटी दुकानाच्या पायरीवर उभं राहून, नुसत्या डोळ्यांनी. ठकी एकटी वळणावरून येताना दिसायची, थप-टक, थप-टक, आणि मगच काकू पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळायच्या.

अशाच एका दुपारी काकू ठकीच्या जाड बुटाची नाडी ओवत होत्या. फोन खांद्यावर, मान वाकडी.

“लिम्पला दे.”

“लिम्प? लंगडणं?” काकू थांबल्या. “कशावर लिहिताय, दादा?”

“एका म्हाताऱ्या खेकड्यावर गं. दे लवकर.”

काकूंचा अंगठा पेरांवरून निघाला. “चिम्प आहे. आणि श्रिम्प. कोळंबी.”

“श्रिम्प! वा. खेकड्याला शोभतं.”

काकूही हसल्या. म्हाताऱ्या खेकड्याची त्यांना गंमत वाटली.

शाळा उघडायच्या आठवड्यात नव्या पुस्तकाचे गठ्ठे दुकानात आले. काकूंनी वरचं पुस्तक काढून पानं चाळली. अठराव्या पानावर खेकडा नव्हता. दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती, आणि तिच्या डाव्या बुटाला वीटभर जाड तळ. चित्राखाली छापलं होतं:

सी हर लिम्प, सी हर गो,
लाइक अ श्रिम्प, ओ सो स्लो.

पाहा कशी लंगडते, पाहा कशी निघाली, कोळंबीसारखी, किती ती हळू. चाल अशी की एकदा ऐकली की तोंडातून जाईना. काकू गल्ल्यामागच्या स्टुलावर बसल्या. समोर गिऱ्हाईक उभं होतं, तेच पुस्तक मागत होतं. काकूंनी दिलं. शाळेने लावलेलं पुस्तक, नाही कसं म्हणणार? त्या आठवड्यात स्वतःच्या लेकीची टिंगल त्यांनी स्वतःच्या हातांनी कागदात गुंडाळून घरोघर पोचवली. आणि त्यातलं यमक पण त्यांचंच.

पुढचं सांगायला नकोच. पोरांना काय, कोलीतच मिळालं. ठकी वर्गात शिरली की मागच्या बाकांवरून ‘सी हर लिम्प’ सुरू. मधल्या सुट्टीत तिचं नावच ‘श्रिम्प’ पडलं. बाई रागवायच्या, पण पुस्तकातलीच कविता म्हणताय म्हणून कुणाला शिक्षा करणार?

ठकी रडली नाही. ती फक्त म्हणाली, “बाबा, मला स्कूटरवर सोडा. फाटकाशी नको, आत पायरीपर्यंत.” मधल्या सुट्टीत ती बाकावरून उठेनाशी झाली. संध्याकाळी खेळायला जाईनाशी झाली. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पोटरीला मापाची टेप लावली आणि चष्म्यावरून काकूंकडे पाहिलं.

“चालणं बंद केलंत का?”

घरी आल्यावर काकू नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्ही बोला दादांशी.”

“दादाशी?” त्यांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. “त्याने मुद्दाम थोडंच केलंय. आणि त्याला कोण सांगणार?”

म्हणून काकू स्वतः गेल्या. दादा आतल्या खोलीतून दोन्ही हातांनी केस चाचपत बाहेर आले. काकूंनी सांगितलं. पाय, पोटरी, स्कूटर, सगळं सांगितलं.

“पुढच्या छपाईत तेवढं पान काढा, दादा. चित्रात ठकीच आहे. कुणीही ओळखेल.”

“ओळखू दे की. प्रसिद्ध झाली पोरगी.”

“ती चालेनाशी झालीय.”

“अगं, मुलं हसतात. त्यात काय? होईल तिला सवय.” दादांनी पुस्तक हातात घेऊन थोपटलं. “सबंध पुस्तकात तेच पान सगळ्यांत गाजलंय. ते कसं काढू? तूच सांग. तुलाही कळतं थोडंफार यातलं.”

जाऊबाई पाणी घेऊन आल्या आणि पेला देता देता पुटपुटल्या, “यांना विनोद फार कळतो. फक्त दुसऱ्यावरचा.”

काकू पाणी प्यायल्या, पेला खाली ठेवून येते म्हणाल्या. रस्त्याने येताना त्यांना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट छातीत काहीतरी थंड आणि टणक बसलं, आणि त्याने बरंच वाटलं. भांडून उपयोग नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. समजा उद्या पान काढलंच, तरी पोरांच्या तोंडातून ते कोण काढणार? पोरांच्या तोंडातली कविता बाहेर काढायची तर तिथे दुसरी घुसवावी लागते. तीच चाल, तेच ठेके, आणि पहिलीपेक्षा चविष्ट. काट्यानेच काटा.

आजवर काकूंनी नुसते शब्द दिले होते. सबंध कविता कधीच केली नव्हती. त्या रात्रीच्या स्वयंपाकात कणीक मळतामळता त्यांनी एक शब्द घेतला, जो त्या घरात कुणी उच्चारत नसे. विग. डोकं उडवलं, शेपूट धरलं. गिग. जिग. डिग. कणकेच्या बोटांवर अंगठा पुढे सरकला आणि ‘प’वर थबकला.

काकू एकट्याच इतक्या हसल्या, की नवरा दारात येऊन बघून गेला.

दादांचे फोन येतच होते. ‘स्टार’ला दे, ‘रेन’ला दे. काकू देत होत्या, पूर्वीपेक्षा गोडीने. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशा.

शाळेत तिसरीत एक मुलगी होती, समोरचे दोन दात पडलेली. तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणत, कारण तिला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होई. मधल्या सुट्टीत ती खोडरबर घ्यायला आली. काकूंनी आजूबाजूला पाहिलं आणि गल्ल्यावरून वाकल्या.

“एक गंमत सांगू? पण कुणाला सांगायची नाही हं.”

“देवाशप्पथ नाही सांगणार.”

काकूंनी पान अठराच्याच चालीवर हळूच म्हटलं:

सी हिज विग, सी इट फ्लाय,
लाइक अ पिग इन द स्काय.

रेडिओचे डोळे वाटोळे झाले. “म्हणजे खोटे केस उडाले? डुकरासारखे? आकाशात?”

“तसंच काहीतरी.”

“कुणाचे?”

गल्ल्यावर पुस्तकांचा गठ्ठा होता. त्यातलं वरचं पुस्तक काकूंनी पालथं घातलं, फोटो वर येईल असं, आणि खोडरबराचे सुट्टे पैसे त्यावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी दोरीवरच्या उड्या त्याच कवितेवर पडत होत्या. तिसऱ्या दिवशी पहिलीतलं एक पिल्लू दुकानात येऊन विचारून गेलं, “काकू, पिगवालं पुस्तक आहे का?” आणि ठकी घरी आली ती दप्तर फेकून थेट स्वयंपाकघरात.

“आई, मोठ्या काकांचा विग आहे?”

“तुला कुणी सांगितलं?”

“सगळ्यांना माहितीय.” तिने आईकडे नीट पाहिलं. “आज श्रिम्प कुणी नाही म्हणालं. सगळे पिगच म्हणत होते.”

“असं का? बस, खायला देते.”

“तू हसतेयस का?”

“नाही गं. कांद्याने डोळे चुरचुरतायत.”

“कांदा कुठाय?”

मनात एकदा आलं काकूंच्या, हे पोरीला शिकवण्यासारखं आहे का? लेकरं उद्या आणखी कुणाच्या मागे लागली तर? पण ठकी नाचत होती. जाड तळावर, मोठ्याने, दोन्ही हात पसरून. तो प्रश्न काकूंनी डब्यात घालून झाकण लावलं.

शाळेचं वार्षिक संमेलन आलं. प्रमुख पाहुणे अर्थातच राइमवाले काका. पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची, गळ्यात हार. हार घालणाऱ्या मुलीने हात जरा उंच नेला तेव्हा दादा झटकन मागे झुकले, ते फक्त काकूंनी पाहिलं. काकू तिसऱ्या रांगेत होत्या, शेजारी ठकी, पाय खुर्चीखाली लपवून.

“आता आपल्या लाडक्या काकांची सगळ्यांत लाडकी कविता,” बाईंनी माइकवर सांगितलं. “पान अठरा.”

तिसरीचा वर्ग रंगमंचावर ओळीने उभा राहिला. रेडिओ मधोमध. ठकीने आईचा दंड घट्ट धरला. बाईंनी हात वर केला, वन, टू, थ्री.

पहिला शब्द ‘सी’ नीट आला. पण महिनाभर जिभेला वळण पडलं होतं दुसरंच. मुलांनी ठरवून केलं असेल असं काकूंना आजही वाटत नाही. तोंडं उघडली आणि जे आत होतं ते बाहेर पडलं.

“सी हिज विग, सी इट फ्लाय...”

बाई हात हलवू लागल्या. मुलांना वाटलं, अजून मोठ्याने म्हणा असं सांगतायत. त्यांनी अजून मोठ्याने म्हटलं. मागच्या रांगांतली मुलं उभी राहून सामील झाली. पालक एकमेकांकडे बघू लागले: विग? कुणाचा विग?

तेव्हा दादांनी ते केलं, जे काकूंनी स्वप्नातही मागितलं नसतं. त्यांचे दोन्ही हात आपोआप उठले आणि डोक्यावर जाऊन बसले. घट्ट. सभागृहाला उत्तर मिळालं. हसण्याची लाट पाठीमागून पुढे आली ती थेट व्यासपीठावर. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादांना वाजवता आल्या नाहीत, हात मोकळे नव्हते.

काकूंनी ते दृश्य सावकाश पाहिलं, लोणच्याची फोड चोखावी तसं. शेजारी ठकी खुर्चीवर उभी राहून गात होती. दोन्ही पाय सगळ्यांना दिसत होते.

बाहेर पडताना दादांनी त्यांना दाराशी गाठलं. चेहरा तांबडा, पण केस जागच्या जागी.

“पिग कुणाचा आहे ते मला कळतं. यमक तुझंच.”

“मी नुसते शब्द देते, दादा.”

“माझी शोभा केलीस तू. सगळ्या गावात.”

“मुलं हसतात हो,” काकू म्हणाल्या. “होईल तुम्हाला सवय.”

मागे जाऊबाई उभ्या होत्या. त्या पदर तोंडाशी नेऊन भिंतीवरच्या सूचना फार लक्ष देऊन वाचत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्कूटर काढली, तर ठकी दप्तर पाठीला लावून दाराबाहेर पोचलेलीसुद्धा होती. “मी जाते चालत,” ती म्हणाली. काकू आडवाटेने भरभर पुढे होऊन दुकानावर पोचल्या, कुलूप काढलं, आणि शटर अर्धंच उचलून पायरीवर उभ्या राहिल्या.

ठकी वळणावर दिसली. बऱ्याच महिन्यांनी चालत होती, पाय थकला होता, मध्ये एकदा ती खांबाला धरून थांबली. काकूंचं पाऊल पायरीवरून खाली गेलं. पण तेवढ्यात ठकी पुन्हा निघाली, तोंडाने ठेका धरून. जाड तळ बरोबर ‘विग’वर पडत होता आणि दुसरा ‘पिग’वर.

आत दुकानातला फोन वाजू लागला. दुकान उघडायच्या आत, इतक्या सकाळी फोन करणारा माणूस एकच. छपाईवाल्याने नवी कविता मागितली असेल आणि ओळ अडली असेल. काकूंचा अंगठा सवयीने पहिल्या पेरावर गेला. त्यांनी तो मुठीत धरला आणि ठकी फाटकात शिरेपर्यंत रस्त्याकडेच बघत राहिल्या. फोन बराच वेळ वाजला.