पावती फाडणाऱ्यानं दुकान मांडू नये

सकाळी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं, की मामा आधी त्याच्याकडे बघायचेच नाहीत. मान लांब करून समोरच्या दुकानाकडे बघायचे. समोर इक्बालभाईंचं भांड्यांचं दुकान, म्हणजे मामांच्याच धंद्याचं. इक्बालभाई गल्ल्यावर हाताची घडी घालून बसलेले दिसले, की मामा गिऱ्हाइकाला म्हणायचे, "कुकर तिकडं घ्या. त्याची भवानी व्हायची हाय."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, हे चिंचवडच्या जुन्या गावठाणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण नव्या सोसायट्यांतून येणाऱ्या बायका गोंधळायच्या. माझं झेरॉक्सचं दुकान मामांच्या भिंतीला लागून. एकदा एका बाईंनी मला येऊन विचारलं, "अहो, शेजारच्या दुकानदाराला विकायचं नाहीये का?" मी म्हटलं, "विकायचंय. पण एकट्यानंच नाही विकायचं." उत्तर मीच दिलं खरं, पण ते मला इतकं आवडलं की पुढे मी ते बऱ्याच जणांना ऐकवलं.

नाव सांगत नाही. अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणायची, आणि त्यांच्या बायकोला मामी. मूळचे चाकणजवळच्या एका खेड्यातले. घरची कांद्याची शेती. जमीन कारखान्यात गेली आणि तिच्या पाठोपाठ मामाही कारखान्यात गेले. प्रेसवर पत्रे कापण्यात उमेदीची वर्षं काढली. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती दिली तेव्हा चिंचवडला हे दुकान घेतलं आणि मागच्या शेडमध्ये एक जुनं प्रेस मशीन बसवलं. तिथे ते विळ्या करत. ओट्याच्या कडेला स्क्रूनं आवळायची आणि उभ्यानं भाजी चिरायची, अशी विळी. मामींच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ती पहिल्यांदा झाली. "हिला खाली बसता येईना," मामा सांगायचे, "आन् सुरीनं चिरलेली भाजी हिला भाजी वाटंना. मग काय करतो?"

ती विळी ऑनलाइन टाकायची कल्पना माझी. कुठल्या कंपनीवर, ते सांगायची गरज नाही; तिची खोकी तुमच्याही दारात येतात. फोटो मी काढले, इंग्रजी वर्णन मी लिहिलं, गिऱ्हाइकांचे प्रश्न आले की मामा तोंडी सांगत आणि मी टाइप करत असे. तुम्हाला वाटेल, जुना माणूस, कांकूं केलं असेल. अजिबात नाही. पहिली ऑर्डर भोपाळहून आली तेव्हा ते भोपाळ कुठे आहे ते बघायला माझ्या दुकानात आले. कॉम्प्युटरवरचा नकाशा बघून म्हणाले, "येवढ्या लांबच्या बाईला आपली इळी ठाव झाली. लई मोठा बाजार हाय ह्यो, ताई."

विळी चालली. चांगली चालली. पॅकिंगला दापोडीहून शोभा यायला लागली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीवर. खरं सांगायचं तर तोवर दुकानातली विक्री बसलीच होती. लोक कुकरसुद्धा घरबसल्या मागवायला लागले होते. दुकान उघडं असायचं ते सवयीनं. मामांच्या घरची चूल पेटत होती ती ऑनलाइन जाणाऱ्या विळीवर, आणि शोभाच्या घरचीही.

मग एके दिवशी मी कंपनीच्या साइटवर विळी शोधली, तर आमच्या विळीच्या वर दुसरीच विळी. तशीच, स्वस्त, आणि खाली नाव खुद्द त्या कंपनीचं. आमची शोधायला बोटानं बरंच खाली जावं लागत होतं.

मामांनी ती मागवायला सांगितली. आली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पातं पातळ हाय. पन काम साफ केलंय." माझा संतापानं जीव चाललेला आणि हे गृहस्थ फिनिशिंगचं कौतुक करत होते. इतक्यात मामी आतून आल्या. त्यांनी विळी टेबलाला लावली, स्क्रू आवळला आणि तशाच थांबल्या.

"अवं, ही बी डावरी हाय."

मामी डावऱ्या. त्यांचा हात जिथे पडतो तिथे, म्हणजे डाव्या बाजूला, मामांनी स्क्रू ठेवलेला होता. उजव्या हाताच्या बायका त्यावरून कुरकुर करायच्या, ऑनलाइन तशी तक्रारही लिहायच्या. मामांनी स्क्रू कधी हलवला नाही. आता एवढ्या मोठ्या कंपनीनं देशभरातल्या बायकांसाठी विळी काढली, आणि स्क्रू डावीकडेच.

"त्यांच्यात कुनाची बायकू डावरी हाय?" मामींनी विचारलं. आम्ही सगळे हसलो. शोभाही हसली. हसून झाल्यावर मामांनी आपली एक विळी आणून तिच्या शेजारी ठेवली आणि दोन्हींचे स्क्रू मोजून बघितले.

संध्याकाळी ते माझ्या दुकानात येऊन बसले आणि एकदम चाकणच्या आठवडे बाजाराबद्दल बोलायला लागले. त्यांचे वडील तिथे कांदे विकायला बसायचे. "बाजाराचा ठेका एकाकडं असायचा. त्यो फिरून सगळ्यांची पावती फाडायचा. त्याला कुनाची ना न्हाई. बाजार झाडायचा, दिवे लावायचे, पैसे लागत्यातच की. पन त्यो समद्या दुकानांवरनं फिरतो. कुठं गर्दी हाय, कुनाचा माल दुपारीच उठला, त्याला दिसतं. म्हनून पावती फाडनाऱ्यानं दुकान मांडू नये. मांडलं, की फुडल्या बाजारी येशीतली जागा त्याची, आन् आपन गटारापाशी."

मी वाद घातला. मला वाद घालायला आवडतं आणि मामांशी घालणं तर फार सोपं, कारण ते आवाज चढवत नसत. म्हटलं, "पण मामा, लोकांना स्वस्त मिळतं. मामींचे गुडघ्याचे पट्टे तुम्हीही तिथूनच मागवता."

"व्हय. पट्टा झ्याक हाय."

"मग?"

"मग काय? बाजार वाईट हाय आसं मी कुठं म्हनलं?"

त्यांची हीच पंचाईत होती. मला कंपनीला शिव्या घालायला जोडीदार हवा होता आणि मामा काही केल्या पुऱ्या शिव्या घालत नव्हते.

त्याच सुमारास व्यापाऱ्यांची संघटना दिल्लीला तक्रार करायच्या तयारीत होती. बड्या कंपन्यांची मक्तेदारी तपासणारं सरकारी कार्यालय आहे, तिथे. मोघम बोलणारे पुष्कळ होते. पण 'माझा माल बघून कंपनीनं तोच काढला' असं स्वतःच्या नावानिशी सांगणारा माणूस मिळत नव्हता. खातं बंद झालं तर खायचं काय, ही ज्याची त्याची भीती. संघटनेचे अध्यक्ष मामांकडे आले. मामांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "इचारून सांगतो."

त्यांनी शोभाला विचारलं. पॅकिंग थांबवून, समोर बसवून. "खातं गेलं तर तुझं काम जातंय. तू म्हन."

शोभा म्हणाली, "माझ्या पोटासाठी तुमी गप बसायचं व्हय, मामा? सांगा की. फकस्त मला आधी कळवा, म्हंजी दुसरं काम बघीन." मामींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "इळी माझी हाय. सांगून टाका." मामांनी होकार कळवला.

आणि इथे मामांनी जे केलं, ते आमच्या गल्लीतलाच माणूस करू जाणे. मी भावाच्या लग्नाला गावी गेले होते. सोलापूरच्या एका बाईंनी विळीखाली प्रश्न विचारला, की माझ्या आईला खाली बसून चिरायची सवय आहे, तिला ही जमेल का. बाईला ताटकळत कशाला ठेवायचं, म्हणून मामा स्वतःच फोनमध्ये बोलले. बोललेलं आपोआप टाइप होतं, हे मीच त्यांना शिकवलेलं. मी परत आल्यावर त्यांनी मला कौतुकानं सांगितलं, "मी म्हनलं, ताई, आईला बसता येत आसंल तर ही घेऊ नका. आमच्या समोर इक्बालभाईकडं पाटाची इळी हाय, त्यांच्याकडनं मागवा. नंबर बी दिला."

मी कपाळावर हात मारून घेतला. आपल्याच मालाखाली, चारचौघांना दिसेल असा, बाहेरच्या दुकानाचा नंबर. गिऱ्हाईक बाहेर वळवणं म्हणजे त्या कंपनीच्या नियमांत महापाप. खातं बंद झालंच होतं. मी विनंत्यांवर विनंत्या पाठवल्या. प्रत्येक वेळी शब्दही न बदलता तेच उत्तर आलं.

"ह्यांचा मानूस कुठं बसतो?" मामांनी विचारलं. "जाऊन भेटलो आसतो." खातं गेल्याबद्दल त्यांनी केलेली कुरकुर म्हणाल तर एवढीच.

इक्बालभाई दुकान उघडं टाकून आले. "माझ्यापायी झालं राव हे."

"इळी गेली का तुमची?" मामांनी विचारलं.

"गेली. सोलापूरला."

"मग झालं तर."

अध्यक्ष मात्र खूश झाले. चिंचवड स्टेशनजवळ संघटनेच्या वकीलबाईंच्या ऑफिसात आम्हाला बोलावून म्हणाले, "आता केस पक्की झाली, मामा. तुम्ही तक्रार करणार हे कळलं म्हणून त्यांनी सूड उगवला, खातं बंद केलं. एवढी एक ओळ घालू."

"तसं झालेलं न्हाई," मामा म्हणाले.

"एका ओळीनं काय होतंय?"

"मी नियम मोडला. मला ठाव नव्हता, पन मोडला. ती ओळ खोटी निघाली, की डाव्या स्क्रूचं बी कुनी खरं मानायचं न्हाई."

अध्यक्ष वैतागले. त्यांचंही चुकत नव्हतं. इतकी दुकानं डोळ्यांदेखत बंद पडताना बघितलेला माणूस तो. म्हणाले, "अशानं केस ढिली पडेल."

"पडू द्या." मग मामा वकीलबाईंकडे वळले. "आसं लिवा. नियम मी मोडला. नियम करनारे ते, मोडला का न्हाई ते ठरवनारे ते, आन् शेजारी माझीच इळी घेऊन बसलेले बी तेच. येवढं लिवा, बास."

वकीलबाईंनी लिहून घेतलं. शेवटी मागणी काय घालायची, अशा कंपन्यांचा धंदाच बंद करा म्हणायचं का, असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "बंद नगं. भोपाळच्या बाईनं इळी आनायची कुठनं? बाजार ऱ्हाऊ द्या. पावती फाडा म्हनावं, खुशाल फाडा. फकस्त दुकान उचला." वकीलबाईंनी ते नीट कायद्याच्या भाषेत घातलं आणि मामांनी सही केली. ऐकताना मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्या शेजारी बसल्याचा अभिमानही वाटत होता. अजूनही दोन्ही वाटतं.

शेड गप्प झाली. दुकानात एखाद-दुसरी विळी विकली जायची, तेवढीच. शोभाला काम मिळालं ते त्याच कंपनीच्या चाकणकडच्या गोदामात, तेही पॅकिंगचंच. मी चिडले. म्हटलं, "हिला दुसरी जागा मिळाली नाही?" मामा म्हणाले, "मीच म्हनलं जा. पगार येळंवर देत्यात. न्यायला बस येती."

मामा गेल्या वर्षी गेले. जेवून पडले ते उठले नाहीत. मशीनला तेल द्यायचं राहिलं, असं त्या दिवशी दोनदा म्हणाले होते, असं मामी सांगतात. तक्रारीचा निकाल अजून लागलेला नाही. वकीलबाई म्हणतात, लागेल. मीही मामींना तसंच सांगते.

मामा गेल्यावर काही दिवसांनी शोभा भेटायला आली. शिफ्ट सुटल्यावर थेट आली होती, अंगात कंपनीचं जाकीट. दारात ते काढायला लागली, तर मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. थंडी हाय." शोभा भिंतीला टेकून बसली. आम्ही तिघी इकडचं तिकडचं बोललो. मग शोभाच म्हणाली, "मामी, आपली इळी येती माझ्या टेबलावर. रोज येती."

कंपनीच्या विळीला ती आपली म्हणाली. मी मामींकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या रडतील.

मामींनी विचारलं, "पात्याला पुठ्ठा गुंडाळत्यात का?"

"न्हाई. नुसती पिशवीत घालायची."

"तू गुंडाळत जा. खोकं उघडताना कुनाचा तरी हात कापंल."

"गुंडाळते, मामी," शोभा म्हणाली. "सुपरवायझर फुडं गेला, की गुंडाळते."