खंडेनवमीचा प्रिंटर

निपाणीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी शाई घ्यायला गेलो होतो. तिथं एक आप्पा घरचा जुना प्रिंटर मांडीवर घेऊन बसले होते. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतला होता, म्हणून मलाच म्हणाले, "जरा बघता काय? कागद अडकतोय." मी उलटा केला तर आतून अक्षता आणि सुकलेला झेंडू पडला; कागद ओढणारं चाकही मोडलं होतं.

आप्पांनी दाराकडे पाहिलं. बाहेर त्यांची बायको चपला काढत होती. "खंडेनवमीला आमची मंडळी ह्याची पूजा करत्यात," अक्षता रुमालात गोळा करत ते पुटपुटले. "तिला सांगू नका. वय झालंय म्हणा."

आक्का आत आल्यावर मी तसंच सांगितलं. "लई राबला," म्हणत त्यांनी प्रिंटरवर हात फिरवला.

नवा निवडताना मी वायफाय, शाईचा खर्च समजावत होतो. आप्पांनी शांतपणे ऐकलं आणि हळूच विचारलं, "वरनं काय आत पडत न्हाय, असला कंचा?"