गेनूची 'गरमी'

सांगावा आला तेव्हा मी भोरच्या शाळेत वर्गावर होतो. वेल्ह्याकडून चालत आलेला माणूस दारातूनच म्हणाला, "मास्तर, गेनू गेला." गेनू माझा मामेभाऊ. माझ्याहून लहान, धिप्पाड, भाताचं पोतं पाठीवर घेऊन हसत चढण चढणारा. असा गडी मूळव्याधीनं मरतो होय? छे! तो लाजेनं मेला, आणि एका शब्दानं मेला. महिना होत आला, पण माझ्या डोक्यातली तिडीक जात नाही...

सुगीत दिवसभर पोती वाहायची, कोरडी भाकरी आणि ठेचा खायचा, पाणी प्यायलाही उसंत नाही. पोट साफ होईना. कुंथून कुंथून एके दिवशी शौचाच्या जागेच्या बाहेरच्या अंगाला जांभळाएवढी टणक गाठ आली. बसवेना, चालवेना. बायकोनं, सखूनं, काय होतंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "गरमी झालीया." अंगातली उष्णता, एवढंच त्याच्या मनात होतं. पण आपल्याकडं बाजारात 'गरमी' म्हणजे बाईच्या नादानं जडणारा रोग! सखू बिचारी तेच माहेरी बोलून गेली. तिचे वडील तडक आले आणि, "असल्या मानसाकडं माजी पोर नांदायची न्हाई," म्हणून तिला घेऊन गेले. गेनूनं तेही ऐकून घेतलं. अब्रू गेली तरी चालेल, पण तसली जागा कुणाला दाखवायची नाही! काय म्हणावं या माणसाला?

मग तो बाजारात बसणाऱ्या एका वैदूकडं गेला. त्यानं काही पाहिलं नाही, नुसतं 'गरमी' ऐकलं आणि त्या रोगावरच्या रसकापुराच्या गोळ्या दिल्या. म्हणजे पाराच. मला कळलं तेव्हा मी धावलो. गेनूच्या हिरड्या सुजल्या होत्या, दात हलत होते, तोंडातून लाळ गळत होती. माझा हात धरून कसंबसं म्हणाला, "दादा, म्या तसलं काय केलं न्हाई रं. दुखनं खालचं हाय..." मी त्याचं धोतर सोडून पाहिलं. गाठ कधीच सुकून गेली होती.

तसाच भोरला येऊन डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "मूळव्याधीच्या बाहेरच्या मोडात रक्त गोठतं. थोडे दिवस जीव नकोसा होतो, मग बहुधा आपोआप ओसरतं. कोमट पाण्यात बसायचं, पाणी भरपूर प्यायचं, पालेभाजी खायची, कुंथायचं नाही. फारच ठणकलं तर सुरुवातीलाच चीर देऊन गाठ काढतो आम्ही. पण पोटात गेलेला पारा कसा काढू?" तरी येतो म्हणाले. त्याआधीच तो सांगावा आला.

दहाव्याला नदीवर भावकी जमली होती. कावळा शिवेपर्यंत सगळे दबक्या आवाजात 'त्या रोगाचं'च बोलत होते. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, मूळव्याध होती, साधी मूळव्याध, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. माहेराहून आलेली सखू ऊर बडवत ओरडली, "आरं द्येवा, मला तरी सांगायचं हुतं की! म्या रोज ऊन पानी दिलं असतं!" माणसं खाली मान घालून पांगली.

संध्याकाळी मी गेनूच्या घरी असताना सखूचे वडील आले. बसा म्हटलं, तर म्हणाले, "नगं, उबाच बरा हाय." माफी मागायला आले असतील असं मला वाटलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, जवळ सरकले आणि कानाशी पुटपुटले, "मास्तर, त्ये पानी... किती ऊन घ्यायचं?"