न घेतलेला शालोम

माओन गावच्या पंचांचे निरोप हेलेज पोचवत असे. यहूदाच्या त्या डोंगराळ मुलखात घोडी असायची ती राजाच्या सैन्यात. गावागावांतलं बोलणं माणसाच्याच पायांनी चालायचं. हेलेजचे पाय चांगले होते. अंगरखा कमरेला खोचून तो वेशीबाहेर पडला, की भाकरी उलटेपर्यंत डोंगरापलीकडे, असं गावातल्या बायका म्हणायच्या.

या कामात खरी अडचण चढणीची नसते, शालोमची असते. वाटेत माणूस भेटला की थांबायचं, उजवा हात छातीवर ठेवून वाकायचं, दोन्ही गालांचं चुंबन घ्यायचं, आणि मग विचारपूस. वडील खुशाल? आई खुशाल? मेंढरं? विहिरीला पाणी? मुलंबाळं? समोरच्यानं तेच सगळं आपल्याला विचारायचं. उरकून घेतलं तर घराण्याचा अपमान. दोन म्हातारे भेटले तर उन्हं कलायची. म्हणून निकडीचा निरोप असला की थोरले पंच बजावायचे, "वाटेत कोणाला शालोम करू नकोस. कोणी केला तर उत्तर देऊ नकोस." खोचलेला अंगरखा आणि हातातली काठी पाहून लोकही समजून घ्यायचे.

हेलेजला अशी निकड आवडायची. विचारपुशीतला मुलाबाळांचा प्रश्न त्याला नकोसा झाला होता.

त्याची पहिली बायको होग्ला, झिफच्या एलदाद कुंभाराची लेक. चार वर्षांत पाळणा हलला नाही. आई उठता-बसता म्हणायची, "खडकावर किती वर्षं पेरणार आहेस?" एका वसंतात होग्ला माहेरी गेली होती. तेव्हा हेलेजनं वेशीत पंचांपुढे उभं राहून सांगितलं, "होग्लाला मूल होत नाही." सोडचिठ्ठी लिहून घेतली. ती द्यायला मात्र त्याचे पाय उचलले नाहीत. झिफकडे निघालेल्या एका लोकरीच्या व्यापाऱ्याच्या हाती त्यानं ती पाठवली. झिफचे लोक अजून टोमणा मारत, "जगाचे निरोप पोचवतो आणि स्वतःचा परक्याच्या हाती देतो."

पुढे त्यानं यरूशाशी लग्न केलं. तिलाही सात वर्षांत मूल झालं नाही. माओनमधले लोक हेलेजशी शालोम करताना मुलाबाळांचं विचारायचे बंद झाले. झिफवरून जायची वाट त्यानं टाकलीच होती; हेब्रोनला जायचं तर तो यूट्टाकडून लांबचा फेरा घ्यायचा.

सातूच्या कापणीच्या दिवसांत वाळवंटातल्या लुटारूंनी माओनची मेंढरं हाकून नेली, दोन धनगर जखमी केले. हेब्रोनहून माणसं आणायची होती. थोरले पंच म्हणाले, "झिफवरून जा. यूट्टाचा फेरा आज नको. आणि वाटेत तोंड उघडू नकोस."

झिफच्या अलीकडे चढावर एक मोठं झाड आहे. त्याखाली एलदाद बसला होता, शेजारी गाढवावर मडकी लादलेली. हेलेजला त्यानं लांबूनच ओळखलं. गुडघे धरून, झाडाला टेकत तो उभा राहिला. उजवा हात छातीवर ठेवला.

"शालोम, हेलेज," तो म्हणाला. "खुशाल आहेस ना, बाबा?"

हेलेजनं मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून एवढंच दिसलं, की म्हातारा अर्धा वाकला होता आणि तसाच राहिला होता. हेलेज पळत राहिला. पंचांचा हुकूम होता, वाट बघणारे धनगर होते, सगळं खरं होतं. पण त्या चढावर त्याला आतून सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटलेलं त्याच्या लगेच ध्यानात आलं.

हेब्रोनची माणसं वेळेवर निघाली, बरीचशी मेंढरं परत आली. हेलेजचं काम तिथं संपलं होतं. परतताना घाई नव्हती, कोणाचा हुकूम नव्हता. तरी तो यूट्टाकडून आला.

आठवड्यानं झिफचा एक माणूस बैल शोधत माओनच्या वेशीत आला. पाणी पिता पिता हसत म्हणाला, "तुमच्या निरोप्यानं आमच्या एलदादला कुत्र्यासारखं ओलांडलं म्हणे. आम्ही त्याला म्हटलं, हा तुझा जावई. तर म्हातारा आमच्यावरच तडकला. म्हणे, तो कामावर होता, माझ्यासाठी थांबला असता तर रक्त कोणाच्या माथी? येताना भेटेल म्हणे. लेकीला भाकरी भाजायला लावून दोन दिवस झाडाखाली बसला होता."

थोरले पंच खूश झाले. "निरोप्या असावा तर असा," ते म्हणाले. "सासरा असला तरी मान वळवत नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. हेलेजचे कान तापले. तो जमिनीकडे बघत उभा राहिला, आणि लोकांना वाटलं, पोरगा विनयशील आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगरखा न खोचता तो झिफला गेला. वाटेत भेटेल त्याला शालोम करत, सगळे प्रश्न ऐकत, उत्तरं देत. पोचायला दुपार झाली.

एलदाद दारात माती मळत होता. हेलेज त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

"ऊठ, ऊठ," एलदाद म्हणाला. "मी काय राजा आहे? इतका वाकलास तर मला तुझे गाल कसे सापडणार?"

चिखलाच्या हातांनी त्यानं हेलेजला वर ओढलं, गालांचं चुंबन घेतलं आणि आत हाक मारली, "पाहुणा आलाय. पाय धुवायला पाणी आण."

पाणी घेऊन होग्ला आली. तिचं लग्न झिफमधल्याच एका विधुराशी झालं होतं. ती रोज बापाची भाकरी करायला यायची. तिच्या पाठीला झोळीत एक तान्ही मुलगी होती. हेलेजनं मुलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. होग्लानं परात त्याच्या पायांशी ठेवली.

"बाबांना वाकवत नाही," ती म्हणाली. "तुमचे तुम्ही धुवा." आणि चुलीकडे गेली.

त्यानं स्वतःचे पाय धुतले. एलदादनं त्याच्या डोक्याला तेल लावलं आणि रीतसर विचारपूस सुरू केली. आई? मेंढरं? विहीर? मग, एकही शब्द न गाळता, "मुलंबाळं?"

"नाहीत," हेलेज म्हणाला. चुलीकडचा आवाज थांबला. "यरूशालाही नाहीत. दोष माझ्यात आहे, बाबा. होग्लाचा काही दोष नव्हता."

"ते आम्हाला इथं दिसतंच आहे," एलदाद म्हणाला. "मला सांगून काय उपयोग? जिथं बोललास तिथं बोल."

होग्लानं भाकरी आणि मसुराचं कालवण पुढे ठेवलं. पानात टाकून उठणं म्हणजे पुन्हा अपमान, म्हणून हेलेजनं सगळं खाल्लं.

निघताना एलदाद पाहुण्याला पोचवायला गावाबाहेरपर्यंत आला. त्याच्या गुडघ्यांच्या चालीनं चालायचं म्हणजे धावणाऱ्या माणसाला शिक्षाच. वाटभर तो भट्टीबद्दल बोलत होता.

माओनच्या वेशीत पंच बसले होते. हेलेज त्यांच्यापुढे उभा राहिला.

"आठ वर्षांपूर्वी मी इथं होग्लाबद्दल जे बोललो, ते खोटं होतं," तो म्हणाला. "दोष माझा आहे."

कोणीतरी हसलं. थोरले पंच चुळबुळले. "हे तेव्हा सांगायचं."

"तेव्हा ठाऊक नव्हतं. पण पुष्कळ वर्षं ठाऊक आहे."

"बरं, ऐकलं," ते म्हणाले, आणि पुन्हा कोणाच्या तरी बांधाच्या भांडणाकडे वळले.

घरी पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. यरूशा जात्यावर बसली होती. दळण थांबवून तिनं विचारलं, "वेशीत सांगितलंत म्हणे?"

"हो."

"झिफलाही?"

"हो."

"मग आईंना?" यरूशा म्हणाली. "सात वर्षं मीही तेच ऐकतेय. खडक, खडक. तुम्ही इथंच बसून जेवत होता."

हेलेजला तिच्याकडे बघवेना. एवढा फेरा मारून आला, आणि हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

आई माळवदावर मसूर निवडत होती. तो वर गेला.

"हळू बोल," त्यानं तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली. "शेजारी ऐकतील."

"ऐकू देत," तो म्हणाला, आणि बोलला.

आई दोन महिने त्याच्याशी बोलली नाही. यरूशाला मात्र पुन्हा काही म्हणाली नाही. हेलेज पाय चालेपर्यंत निरोप नेत राहिला, तेही झिफवरून. आणि एलदाद झाडाखाली दिसला, की कितीही निकडीत पळत असला तरी हेलेजचा चेहरा शरमेनं लालबुंद व्हायचा.