वल्ह्याला लावलेला कान

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. शाळेत झेंडा चढला, सगळ्यांनी वर पाहिलं. मी आधी काठीचा बुंधा शोधला आणि मग नजर हळूहळू वर सरकवत नेली. झेंड्यापाशी पोहोचलो तेव्हा पोरं खडीसाखर चघळत होती. माझा वाटा कुणीतरी मटकावला होता. त्याचा राग मला अजून आहे.

मला नळीतून बघावं तसं दिसायचं, आणि दर वर्षी ती नळी बारीक होत चालली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर अशीच आकसत जाणार, यावर औषध नाही. आई रडली. बापूस रेवदंड्याच्या आमच्या कोळीवाड्यातला तांडेल. होडीवर त्याचा शब्द शेवटचा, पण ते शब्द मोजकेच. मला एकच धास्ती होती. होडीवर डोळे लागतात, आणि मला जन्मभर ओटीवर बसून फाटकी जाळी सांधायची नव्हती. म्हणून अजून सगळं दिसतं अशा थापा मी मारायला शिकलो.

चौदाव्या वर्षी बापसाने मला होडीवर घेतलं. तो सुकाणूवर, काका जाळ्यापाशी आणि मी पुढे नाळेवर. समुद्रात जागा ओळखायची ती किनाऱ्यावरच्या खुणांनी. एक उंच माड टेकडीच्या टोकावर आलेला दिसला, की पाण्यातला खडक मागे पडला असं समजायचं आणि जाळं सोडायचं. शीड आड येत असल्यामुळे बापसाला ते दिसत नसे.

"माड आला काय रं?" त्याने विचारलं.

मला अजून टेकडीच सापडली नव्हती. "आला," मी ठोकून दिलं.

जाळं खडकावर अडकलं आणि टर्रकन फाटलं. "डोळं हायत का खोबणी?" काका खेकसला. बापसाने त्याला हातानेच गप्प केलं आणि माझ्याजवळ येऊन बसला. एरवी लोक माझ्या तोंडासमोर बोटं नाचवून किती म्हणून विचारायचे. त्याने तसं काही केलं नाही.

"कवापासून दिसत न्हाय?"

"लई दिस झालं." आता होडी वळणार आणि मी कायमचा किनाऱ्यावर, हे मला कळून चुकलं.

बापसाने शीड उतरवलं. एक वल्हं पाण्यात उभं बुडवलं आणि वरचं टोक माझ्या कानाला लावलं. "आयक."

आधी नुसतं पाणी ऐकू आलं. मग खोलातून एक घुर्र, मग दुसरी, आणि बघता बघता पहाटे साऱ्या वाड्यात एकदम जाती फिरू लागावीत तशी घरघर उठली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ते घोळ मासे होते, शेकड्यांनी. घोळीचं कालवण मी लहानपणापासून ओरपत आलो होतो, पण तिला आवाज असतो हे मला ठाऊक नव्हतं. एका फळीखाली एवढी मोठी वस्ती बोलत होती! पंचविशीच्या आत माझी नळी पार बुजली. तोवर पुष्कळ काही बघून घेतलं, पण त्या दिवसाइतका थक्क मी पुन्हा कधी झालो नाही.

"कुठल्या अंगाला जास्त?" बापसाने विचारलं.

मी वल्हं दोन-तीन ठिकाणी बुडवून पाहिलं आणि डावीकडे हात केला. या खेपेला थाप नव्हती. काकाने कुरकुरत दुसरं जाळं उचललं. मला राहवेना.

"पन मना दिसत न्हाय, बा."

बापूस जाळं सोडत होता. त्याचे हात थांबले नाहीत.

"पान्याखाली कोनाला दिसतंय?" तो म्हणाला. "उद्या येळेवर ये."